साठांत बसेल तेवढंच

शनिवारची संध्याकाळ. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून हॉलच्या मधोमध घेतलंय. टेबलावर काळी रबरी मॅट आणि मॅटवर त्रेसष्ट कार्डं मांडलेली. अकरावीतला एक मुलगा दोन्ही तळहात टेबलाच्या कडेवर टेकून त्या कार्डांवर वाकून उभा आहे. उद्या सकाळी त्याची पहिली स्पर्धा. डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गठ्ठ्यात, तीन कार्डं जास्त झाली आहेत. कुठली तीन काढायची, तिथे गाडी अडली आहे.

“दादा, त्रेसष्ट ठेवली तर चालतील ना? नियमात कमीत कमी साठ म्हटलंय.”

“नियमाला चालतील,” दादा म्हणतो. घर त्याचं. तिशीतला आहे, बँकेत नोकरी करतो. “तुझ्या डेकमधलं सगळ्यात भारी कार्ड कुठलं?”

मुलगा ‘लाइटनिंग बोल्ट’वर बोट ठेवतो. एक माना खर्च करायचा आणि समोरच्याची तीन लाइफ उडवायची.

“असे बोल्ट किती ठेवता येतात?”

“चार.”

“मग साठांतले चार लवकर हाताला लागतील की त्रेसष्टांतले चार?”

मुलगा काही बोलत नाही. खुर्ची पुढे ओढून बसतो.

खेळ आहे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला, ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ साली बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी मिलवॉकी शहरात त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. गारफील्ड यांची पीएच.डी. संचयांच्या गणितातली, आणि ते गणित खेळात पुरतं मुरलेलं आहे. रमीत किंवा ब्रिजमध्ये सगळे त्याच ठरलेल्या पानांतून खेळतात. इथे हजारो निरनिराळ्या कार्डांतून प्रत्येक जण आपली साठ निवडून घेऊन येतो. एका नावाची जास्तीत जास्त चार. बेसिक लँडना ही मर्यादा नाही. दोघांकडे वीस-वीस लाइफ, हातात सात-सात कार्डं. दर टर्नला एक लँड खाली ठेवता येते, लँडमधून माना मिळतो आणि माना खर्चून बाकीची कार्डं खेळता येतात. डाव कुठल्या दिशेने जाणार हे बऱ्याच अंशी आदल्या रात्री अशाच एखाद्या टेबलावर ठरतं. ते ठरताना बघायला मी सोफ्याच्या टोकाला बसलो आहे.

मुलाचा डेक लाल रंगाचा आहे, ‘बर्न’ म्हणतात तो. त्यात ‘क्रीचर’ची, म्हणजे लढणाऱ्या प्राण्यांची, फौज उभारणं नाही, बचाव नाही. समोरच्याची वीस लाइफ शक्य तितक्या लवकर जाळायची, एवढंच. म्हणूनच नवशिक्याला तो सोपा वाटतो. ताई आता त्याच्या शेजारी येऊन बसते. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आणि उद्या त्याच स्पर्धेत खेळणार आहे. वहीचं कोरं पान उघडून ती वर २० लिहिते, खाली ३.

“तुझं एक कार्ड तीन लाइफ उडवतं. सहा कार्डांनी किती?”

“अठरा.”

“म्हणजे सहा पुरत नाहीत, सात लागतात. आधी खेळलास तर पाचव्या टर्नपर्यंत तू अकरा कार्डं बघणार. त्यातल्या तीन लँड धर. उरली आठ. सात कामाला लागायला हवीत, म्हणजे फुकट जाणाऱ्या कार्डाला जागा एक. आता बघ या त्रेसष्टांत फुकट जाणारी कुठली आहेत.”

मुलगा कार्डं नव्याने लावतो. एक माना लागणाऱ्यांचा रकाना डावीकडे, मग दोनवाल्यांचा, तीनवाल्यांचा. डावीकडचा रकाना टेबलाच्या कडेपर्यंत येतो: बोल्ट, ‘चेन लाइटनिंग’, ‘लाव्हा स्पाइक’. उजवीकडे रकाने आखूड होत जातात, आणि सगळ्यांपासून दूर, सहा मानाच्या जागी, एका अवाढव्य राक्षसाच्या दोन प्रती उरतात.

ही मांडणी नवी नाही. जे श्नायडर यांनी रचलेला आणि पॉल स्लाय यांनी स्पर्धेत खेळलेला लाल डेक १९९६ साली गाजला, तेव्हापासून जगभरचे खेळाडू कार्डं अशी उतरत्या रकान्यांत लावून बघतात. दर टर्नला हातातला माना पुरेपूर वापरला जावा, एकही टर्न वाया जाऊ नये, हा त्यामागचा विचार. त्याला ‘माना कर्व्ह’ म्हणतात. तत्त्व वाचून कळतं. पण आपली स्वतःची कार्डं रकान्यांत लावली की कुठलं कार्ड लोभापायी ठेवलंय ते टेबलावर उघडं पडतं.

“राक्षस माझ्या पहिल्या पाकिटातून निघालेत,” मुलगा म्हणतो.

“ठेव ना जपून. डेकमध्ये नको,” ताई म्हणते. “सहा लँड तुला कधी मिळणार? आणि मिळाल्या तर तोवर तू हरलेला असशील.”

तो दोन्ही कार्डं उचलतो, क्षणभर हातात धरतो आणि बाजूच्या डबीत ठेवतो. एकसष्ट.

तिसरं कार्ड जास्त अवघड आहे, कारण आता वाईट असं एकही उरलेलं नाही. मुलाचा हात लँडकडे जातो. अठरा ‘माउंटन’ आहेत. “एक लँड काढू? नुसतीच असते ती.”

ताई वहीत आकडे मांडते. साठांत अठरा लँड असतील तर सुरुवातीच्या सात कार्डांत एकही लँड नसण्याची किंवा एकच असण्याची शक्यता ३१ टक्के. सतरा केल्या तर ३५ टक्के. पंधरापर्यंत खाली आलं तर ४३ टक्के. नेदरलँड्सच्या फ्रँक कार्स्टेन यांनी कुठल्या डेकला किती लँड हव्यात याचे असे हिशेब वर्षानुवर्षं मांडून ठेवले आहेत. ताई त्यांच्याच वाटेने चालली आहे. हा हिशेब मोबाइलवर दोन सेकंदांत होतो. तरीही ती तो हाताने करते, मुलाच्या डोळ्यांदेखत, म्हणजे आकडा त्याचा होईल.

“नुसतीच असते म्हणालास ना? ही नुसती बसलेली एक लँड तुझे शंभरातले तीन-चार हात वाचवते. तिच्यापेक्षा कमी काम करणारं कार्ड शोध.”

मुलगा शोधतो. बऱ्याच वेळाने ‘सिअरिंग ब्लेझ’च्या चार प्रतींपैकी एक पुढे सरकवतो. “समोर क्रीचर असेल तर हे जबरदस्त आहे. क्रीचर नसेल तर खेळताच येत नाही.”

“मग?”

“तीन ठेवतो. चौथं साईडबोर्डला.”

दादा मान डोलावतो. साठ झाली. पाऊण तास गेलाय, आणि या पाऊण तासात एकही डाव झालेला नाही.

आता साईडबोर्ड. साठांव्यतिरिक्त पंधरा कार्डं बरोबर नेता येतात आणि पहिला डाव झाल्यावर त्यातली डेकमध्ये घेता येतात, सहसा तेवढीच बाहेर काढून. मुलाने निळ्या डेकसाठी ‘पायरोब्लास्ट’ चार ठेवलेत, अॅफिनिटी डेकची यंत्रं फोडायला ‘स्मॅश टू स्मिदरीन्स’ चार, बारक्या क्रीचरच्या झुंडींसाठी ‘इलेक्ट्रिकरी’ तीन आणि समोरच्याचा ग्रेव्हयार्ड, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांचा ढीग, साफ करायला ‘रेलिक ऑफ प्रोजेनिटस’ तीन. चौदा झाली, काढलेला ब्लेझ पंधरावा.

“कुठलं आत घेणार ते सगळे सांगतात,” दादा म्हणतो. “बाहेर कुठलं काढणार ते सांग.”

मुलगा गप्प. दादा कागदावर चार घरं आखून देतो. प्रत्येक घरात समोरच्या डेकचं नाव, त्याखाली आत आणि बाहेर. मुलगा भरत जातो. निळ्याविरुद्ध पायरोब्लास्ट चार आत, हे पटकन लिहितो. बाहेर कुठली चार, यावर पेन थांबतं. बाहेरचा रकाना भरायला तिप्पट वेळ लागतो. कागद भरून होतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं की अॅफिनिटीसमोर आपण पाच कार्डं आत घेतोय आणि चारच बाहेर काढतोय. तो चूक स्वतः खोडतो.

मग सराव सुरू होतो. ताई तिचा हिरवा एल्फ डेक काढते. एकेक एल्फ किरकोळ, पण चार-पाच जमले की आवरत नाहीत. तीन टर्न मुलाचं छान चालतं, ताई वीसवरून अकरावर येते. चौथ्या टर्नला ती ‘वेलविशर’ ठेवते. मुलाच्या हातात एकच बोल्ट आहे. तो ताईवरच टाकतो. अकराची आठ.

ताई कार्डं खाली ठेवते. “डाव थांबवू या जरा. या वेलविशरने काय होतं, वाच.”

“टेबलावर जितके एल्फ, तितकी लाइफ मिळते.”

“दर टर्नला. माझे सहा एल्फ आहेत. पुढच्या टर्नपासून सहा-सहा लाइफ मिळणार, म्हणजे तुझी दोन-दोन कार्डं पाण्यात. तो बोल्ट माझी तीन लाइफ घेऊन गेला. वेलविशरवर टाकला असतास तर माझी दहा-पंधरा अडवली असतीस.”

“पण तुम्हीच म्हणालात ना, सात कार्डं तोंडावर मारायची.”

“म्हणाले. डेक बांधताना तो हिशेब. खेळताना टेबलावर काय आहे ते बघायचं.”

ती कार्डं मागे घेऊ देत नाही. डाव तसाच पुढे चालतो आणि मुलगा हरतो. दादा वहीत ओळ लिहितो. या वहीत दर डावाला चार नोंदी: आधी कोण खेळलं, हात ठेवला की टाकला, कितव्या टर्नला निकाल लागला आणि शेवटी हातात कुठलं कार्ड अडकून राहिलं. जिंकलं कोण ते कोपऱ्यात बारीक अक्षरात. दादाचा भर चौथ्या नोंदीवर आहे. तेच ते कार्ड पुन्हा पुन्हा हातात अडकून राहत असेल तर साठांतली त्याची जागा गेली, मग ते कितीही लाडकं असो.

दुसऱ्या डावापासून दोघं साईडबोर्ड घेऊनच खेळतात. स्पर्धेतली लढत तीन डावांची असते आणि त्यातला पहिलाच डाव फक्त मूळ साठांनी खेळला जातो. उरलेला एक किंवा दोन बदललेल्या डेकने. तरी नवखे खेळाडू सगळा सराव मूळ साठांनीच करतात. इथे उलटं आहे.

ताईचा डेक झाल्यावर दादा अॅफिनिटी डेक पुढे घेतो, आणि मला हसू फुटतं, आनंदाचं. तो डेक कागदाचा आहे. साध्या लँडच्या कार्डांवर वहीच्या पानाचे कापलेले तुकडे, त्यावर बॉलपेनने नावं: ‘मिर एन्फोर्सर’, किंमत सात, ताकद चार-चार. प्रॉक्सी म्हणतात यांना. स्पर्धेत चालत नाहीत, पण जो डेक आपल्याकडे नाही त्याच्याशी सराव करायचा तर दुसरा मार्ग नाही. हे सगळे तुकडे ताईने कापलेत, मुलाने लिहिलेत. उद्या जे एकमेकांसमोर बसू शकतात, तेच आज एकमेकांचे डेक घडवतायत.

आठ वाजून गेल्यावर संध्याकाळचा सगळ्यात महत्त्वाचा क्षण येतो. मुलगा सात कार्डं उचलतो. एक माउंटन, आणि सहा अप्रतिम कार्डं: दोन बोल्ट, दोन चेन लाइटनिंग, दोन लाव्हा स्पाइक. एकेका मानाची. त्याचे डोळे चमकतात. “ठेवतो.”

“आधी तू खेळतोयस की मी?” दादा विचारतो.

“मी.”

“डेकमध्ये उरली किती? त्यात लँड किती?”

“त्रेपन्न. सतरा.”

“आधी खेळणाऱ्याला पहिल्या टर्नला कार्ड मिळत नाही. तिसऱ्या टर्नपर्यंत दोनच कार्डं येणार. त्यात निदान एक लँड असण्याची शक्यता किती?”

ताई आकडा सांगत नाही, मुलाकडे वही सरकवते. तो ३६ आणि ३५ लिहितो, खाली ५३ आणि ५२, गुणतो, भागतो, शंभरातून वजा करतो. “चोपन्न टक्के.”

“आणि नंतर खेळणार असतास तर? तीन कार्डं.”

पुन्हा गुणाकार. “जवळजवळ सत्तर.”

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. तीच सात कार्डं, तोच डेक, आणि फक्त पहिली खेळी कोणाची यावर उत्तर बदलतं. मुलगा हात खाली ठेवतो. “आधी खेळताना टाकायचा. नंतर खेळताना, सगळी एक मानाची असतील तर ठेवायचा.”

हात टाकण्याला मुलिगन म्हणतात. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे पुन्हा सात कार्डं घ्यायची आणि त्यातलं एक निवडून डेकच्या तळाशी सारायचं. दुसऱ्यांदा टाकलं तर दोन. सुंदर दिसणाऱ्या सात कार्डांऐवजी अनोळखी सहा पत्करायला जिगर लागते. ती इथे सरावाने येताना दिसते: पुढच्या अर्ध्या तासात डाव न खेळता मुलगा फक्त हात उचलतो, ‘ठेव’ किंवा ‘टाक’ म्हणतो, कारण सांगतो आणि पुन्हा पिसतो.

पिसण्याबद्दलही दादा काटेकोर आहे. ढीग पाडून वाटलेली कार्डं मोजून होतात, पण मिसळत नाहीत. दोन गठ्ठे एकमेकांत गुंफूनच पिसायचं, तेही पुष्कळदा. बावन्न पानांचा गठ्ठा नीट मिसळायला असं सात वेळा पिसावं लागतं, हे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलंय. “आणि नंतर समोरच्यालाही पिसायला द्यायचं,” तो बजावतो. “संशयाला जागा राहता कामा नये.”

नऊला मुलाचे वडील त्याला न्यायला येतात. चपला दाराशी काढून आत येतात, टेबलावरची कार्डं बघतात आणि मनातलं सरळ विचारतात. “यात पैसे लावतात का हो?”

“नाही काका. फी भरून नाव नोंदवायचं, बस. बक्षीस म्हणून कार्डांची पाकिटं मिळतात.”

“आणि हा पत्त्यांचा नाद?”

ताई उत्तर देते. नशीब यात आहेच, कार्ड उचलायचं म्हटलं की ते येणारच. पण रमीबद्दलसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच म्हटलंय की तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, आणि इथे तर पत्तेसुद्धा आपण निवडलेले असतात. मग ती वहीतलं ते पान पुढे करते, ३६ गुणिले ३५ वालं. वडील चष्मा वर करून ते पान नीट वाचतात. मुलाचं अक्षर त्यांना ओळखू येतं.

“खर्च किती येतो याला?” दुसरा प्रश्न, तितकाच रास्त. या खेळातली काही कार्डं खरोखरच डोळे पांढरे होतील एवढी महाग असतात. म्हणूनच ही मंडळी ‘पॉपर’ हा प्रकार खेळतात. यात कधी ना कधी ‘कॉमन’ म्हणून, म्हणजे पाकिटात सर्रास सापडणारं म्हणून, छापलं गेलेलं कार्डच चालतं. आधी ऑनलाइन खेळला जाणारा हा प्रकार २०१९ मध्ये कंपनीने छापील कार्डांसाठीही अधिकृत केला. २०२२ पासून त्यावर लक्ष ठेवायला खेळाडूंचं वेगळं मंडळ आहे. एखादं कार्ड सगळ्यांना पुरून उरायला लागलं की त्यावर बंदी येते. इथे डेक महाग झाला म्हणून बलवान होत नाही. बोल्ट हे या खेळाच्या पहिल्या संचातलं कार्ड, १९९३ चं. आजही ते कॉलेजच्या मुलाच्या खिशाला परवडतं आणि आजही या प्रकारातल्या सर्वांत जोरकस कार्डांत मोडतं.

वडील खुर्ची घेतात. “अजून किती वेळ आहे तुमचं? मी थांबतो.”

उरलंय ते कारकुनी काम, आणि ते तितक्याच गांभीर्याने होतं. मुलगा यादी लिहितो, पंचाहत्तर कार्डांची, पूर्ण नावांनी. यादी आणि डेक जुळला नाही तर मोठ्या स्पर्धेत डाव गमवावा लागू शकतो. मग तो पंचाहत्तर कार्डं नव्या काळ्या स्लीव्हमध्ये घालतो. दादा प्रत्येक स्लीव्ह ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघतो. एकीचा कोपरा किंचित दुमडलाय. ती बाहेर. कोपऱ्यावरून कार्ड ओळखता आलं तर तो नियमभंग ठरतो, मनात काही नसलं तरी.

रविवारी सकाळी स्पर्धेच्या जागी चौदा जण आहेत. एका दुकानाच्या वरची लांबट खोली, सात टेबलं, भिंतीवर घड्याळ. बुद्धिबळासारखीच स्विस पद्धत: कोणी बाद होत नाही, दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. फेऱ्या चार, प्रत्येक लढतीला पन्नास मिनिटं.

पहिल्या फेरीत मुलगा आधी खेळतो. सात कार्डं उचलतो, आणि मला त्याच्या मागून दिसतं: एकच माउंटन. तो पाच सेकंद बघतो आणि हात खाली ठेवतो. “मुलिगन.” नव्या हातात तीन लँड, तीन जळणारी कार्डं, उत्तम. पण पुढे लँडमागून लँड येत राहतात. समोरचा चार लाइफवर असताना डाव हातचा जातो. दुसराही जातो. मुलगा पाणी प्यायला बाहेर येतो तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला आहे.

दादाची लढत आधीच संपलेली. तो जिंकलास का, असं विचारतच नाही. “हात काय होता?”

“एक लँड. मी आधी खेळत होतो. टाकला.”

“आणि नवा?”

“तीन लँड, तीन बर्न. नंतर ओळीने पाच लँड आल्या.”

“मग तू चुकलास कुठे?”

मुलगा विचार करतो. प्रामाणिकपणे, वेळ घेऊन. “पहिल्या डावात नाही. दुसऱ्यात एक रिफ्ट बोल्ट एक टर्न आधी टाकायला हवा होता.”

“लिहून ठेव. चल, पुढची जोडी लागली.”

दुसऱ्या फेरीत समोर अॅफिनिटी. कागदाच्या तुकड्यांवर वाचलेली सगळी नावं आता खऱ्या कार्डांवर येतात. पाच बाहेर, पाच आत. मुलगा दोनदा मोजतो. ‘स्मॅश टू स्मिदरीन्स’ यंत्र फोडतं आणि वर तीन लाइफही घेतं. लढत तो दोन-शून्य जिंकतो. तिसऱ्या फेरीत त्याच्यासमोर ताई येते. दोघं हात मिळवतात आणि ताई एका गुणाचीही सूट देत नाही. या खेपेला पहिला वेलविशर येताच तो बोल्ट त्यावर टाकतो. ताईकडे दुसरा वेलविशर असतो. ती जिंकते, पण तिसऱ्या डावात आणि घाम गाळून.

चौथी फेरी, निळा डेक. समोरचा खेळाडू वयाने मोठा, शांत, हातात आपलं कार्ड रद्द करणारं ‘काउंटरस्पेल’ असणार हे गृहीत धरायचं. तिसऱ्या डावात तो चार लाइफवर येतो. मुलाच्या हातात ‘फायरब्लास्ट’ आहे: माना द्यायचा नाही, आपल्याच दोन माउंटन मोडायच्या आणि चार लाइफ उडवायची. ते आता टाकलं तर लढत संपते, किंवा काउंटर झालं तर दोन लँडसकट सगळं जातं. समोर दोन निळ्या लँड उभ्या आहेत, काउंटरस्पेलला पुरेशा. काल रात्री दादाने अशाच स्थितीत त्याला तीनदा हरवलंय. मुलगा काही करत नाही. टर्न सोडतो. पुन्हा सोडतो. त्या टर्नला समोरच्याला वाटतं की याच्याकडे काही उरलेलं नाही. तो त्या दोन्ही लँड आडव्या करून, म्हणजे त्यांचा माना खर्चून, क्रीचर खाली ठेवतो. मुलगा दोन माउंटन उचलून बाजूला ठेवतो आणि कार्ड टेबलावर मांडतो. हात थरथरतोय, आवाज नाही. “फायरब्लास्ट.”

समोरचा माणूस आपल्या आडव्या लँड बघतो आणि हात पुढे करतो. “छान थांबलास.”

चारपैकी दोन. मुलगा सातवा येतो. ताई दुसरी, दादा चौथा. खोलीतली टेबलं आवरली जात असताना तिघं पुन्हा एका कोपऱ्यात बसलेत आणि वही उघडलेली आहे. चौथ्या नोंदीत एकाच कार्डाचं नाव चार वेळा आलंय. ते कार्ड पुढच्या वेळी साठांत नसेल.

पहिल्या फेरीत मुलाने घेतलेला निर्णय बरोबर होता आणि त्याचा निकाल वाईट लागला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे बहुतेक माणसांना आयुष्यभर उमगत नाही. निकाल चांगला लागला की आपण शहाणे ठरतो, वाईट लागला की मूर्ख. त्या क्षणी हाताशी काय होतं आणि कोणती माहिती होती, हे कोणी विचारत नाही. आपल्या परीक्षा तर फक्त निकालच मोजतात. या मुलाला सोळाव्या वर्षी दोन्हीचा हिशेब वेगळा ठेवता येतो, आणि तो त्याला कुठल्या वर्गात नाही, या टेबलावर आलाय. लाडकं कार्ड डबीत ठेवायला तो शिकला. उद्या ज्याच्याशी लढायचंय त्याला आज मदत करायलाही शिकला. थांबणं ही सुद्धा एक खेळी असते, हे त्याने करून पाहिलं. मला या खेळाबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

तुमच्या घरात, शेजारात असं एखादं मूल कार्डं पसरून बसलेलं असेल तर ‘पत्ते कुटत बसलाय’ म्हणून त्याला उठवू नका. खुर्ची घ्या, शेजारी बसा. स्पर्धेहून आल्यावर जिंकलास का, हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, साठांतून काय काढलंस आणि का. त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐका.